अनुपस्थित श्रोता : दूरस्थ समुपदेशनाची मराठी पूर्वपीठिका

साक्री तालुक्यात कर्करोगाला सहसा कर्करोग म्हणत नाहीत. ‘त्यांना टाटाला दाखवलं’ एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारत नाही. मुंबईतील परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाचे नाव असे एका आजाराचा पर्यायी शब्द होऊन बसले आहे. भाषेच्या अभ्यासकाला ही अशुभनिवारक शब्दयोजना ओळखीची आहे. सापाला ‘लांबडं’ म्हणावे, दिवा ‘विझला’ न म्हणता ‘शांत झाला’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. मात्र येथे एक जास्तीची गाठ आहे. पुष्कळ घरांत हा शब्द रुग्णापासूनच लपवला जातो. मुलांना ठाऊक असते, भाऊबंदांना ठाऊक असते; ज्याच्या देहात हे चालले आहे त्याला ‘गाठ होती, काढली’ असे सांगितलेले असते. त्यालाही बहुधा सारे कळलेले असते आणि तोही घरच्यांसाठी न कळल्याचे सोंग आणतो. नाटकाच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावे असे हे दुहेरी नाट्य आहे. पण त्यातील मुख्य पात्राला स्वगत म्हणायला जागा नसते.

गेल्या काही वर्षांत ही जागा मोबाइलच्या पडद्यावर उपलब्ध झाली, असे सांगितले जाते. गंभीर आजार, वैधव्य, अपंगत्व, नोकरी जाणे, मुले परगावी जाणे अशा प्रौढ वयातील उलथापालथींत दूरवरच्या समुपदेशकाशी बोलता येते. वृत्तपत्रे याला करोनाकाळाची देणगी म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीने हे म्हणणे टिकत नाही. दूर असलेल्या, न पाहिलेल्या माणसापुढे मन उघडे करण्याची रीत मराठीत बरीच जुनी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय आजच्या सोयीचे मोल आणि तिच्यातील उणीव, दोन्ही नीट कळत नाहीत, असे मला वाटते.

मानसोपचार म्हणजे समोरासमोरच, ही समजूतही मुळात तपासून घ्यायला हवी. फ्रॉइडने १९०९ साली प्रसिद्ध केलेला ‘छोट्या हान्स’चा वृत्तांत मनोविश्लेषणातील एक आद्य दाखला मानला जातो. तो उपचार बहुतांशी मुलाच्या वडिलांच्या पत्रांतून आणि टिपणांतून झाला. उपचाराच्या काळात फ्रॉइड त्या मुलाला एकदाच भेटला. भारतीय मनोविश्लेषणाचे जनक गिरीन्द्रशेखर बोस यांनी १९२१ पासून फ्रॉइडशी पत्रव्यवहार केला, १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली; पण दोघांची भेट कधीच झाली नाही. म्हणजे ज्या शास्त्राचा डोलारा ‘भेटी’वर उभा आहे असे आपण समजतो, त्याचा पाया निदान अंशतः टपालावर घातला गेला.

मराठीत या टपालाचा खरा वारसदार म्हणजे र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’. जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ असे सव्वीस वर्षांहून अधिक काळ हे मासिक चालले. कर्व्यांचे संततिनियमनाचे कार्य सर्वज्ञात आहे, ‘ध्यासपर्व’ हा २००१ चा चित्रपट आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले अजित दळवी यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक यांमुळे नव्या पिढीलाही ते माहीत झाले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र मासिकातील लेखांपेक्षा वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे महत्त्वाची आहेत. आपल्या शरीराविषयी, वासनेविषयी, भयाविषयी जे आईबापांना, वैद्याला किंवा पत्नीला विचारता येत नव्हते ते लोक मुंबईच्या एका अनोळखी गणिताच्या प्राध्यापकाला लिहून विचारत आणि तो छापील पानावर उत्तर देई. विचारणाऱ्याचे नाव झाकलेले, प्रश्न मात्र उघडा. एकाला दिलेले उत्तर त्याच अडचणीत असलेले अनेक अनामिक वाचत. गोपनीयता आणि सार्वजनिकता यांचा असा मेळ आधीच्या मराठी गद्यात शोधावा लागेल.

व्यवस्थेला ही प्रश्नोत्तरेच खुपली, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. कर्व्यांवर पहिला खटला १९३१ मध्ये झाला तो एका लेखावरून. १९३४ मधील खटला हस्तमैथुन, समलिंगी संबंध अशा विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. मासिक लैंगिक ज्ञानासाठी वाहिलेले असेल आणि वाचक त्याविषयी विचारत असेल तर उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. निकालापेक्षा मला वादाचा विषय महत्त्वाचा वाटतो. दुःख वा शंका घेऊन आलेल्या माणसाला दुरून उत्तर देण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न मराठी मुलखात प्रथम न्यायालयात गेला तो असा. आज समुपदेशकाची नोंदणी, पात्रता, जबाबदारी यांविषयी जे वाद चालतात त्यांचे मूळ येथवर नेता येते.

तरीही कर्व्यांना समुपदेशक म्हणताना मन कचरते. त्यांचा सूर गणितज्ञाचा आहे. प्रश्न चुकीच्या गृहीतावर उभा असेल तर ते गृहीत एका वाक्यात पाडतात आणि पुढच्या पत्राकडे वळतात. अज्ञानातून आलेल्या भयावर हा रामबाण उपाय होता. किती तरुणांचे आयुष्य त्या दोन ओळींनी सावरले असेल. पण जे भय अज्ञानातून येत नाही त्याचे काय? मरण जवळ आले आहे हे जाणणाऱ्याची माहिती अचूकच असते. तेथे दुरुस्त करण्यासारखे काही नसते, फक्त ऐकायचे असते. ‘समाजस्वास्थ्या’चे पान ऐकण्यासाठी नव्हते, उत्तरासाठी होते.

(जाता जाता एक योगायोग. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले, नोव्हेंबर १९५३ चा अंक हा मासिकाचा शेवटचा अंक ठरला. त्याच नोव्हेंबरच्या २ तारखेला लंडनमधील एका चर्चमध्ये चॅड व्हारा या धर्मगुरूने हताश माणसांसाठी दूरध्वनी सुरू केला. ‘समॅरिटन्स’ ही चळवळ त्यातून उभी राहिली. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पण पत्रातल्या उत्तराकडून तारेवरच्या ऐकण्याकडे जग वळले ते साल म्हणून माझ्या डोक्यात १९५३ पक्के बसले आहे.)

ऐकण्याची परंपरा आपल्याकडे होती ती वेगळ्या ठिकाणी. जात्याशी बसलेली बाई ओवीतून विठ्ठलाशी, भावाशी, मेलेल्या आईशी आणि पुष्कळदा जात्याशीच बोलत असे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जमवलेल्या लाखभराहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर येत आहेत. आजारपण, वांझपण, सवत, सासुरवास या साऱ्यांचा तो एक प्रचंड दस्तऐवज आहे. त्या बोलण्याला दोन गोष्टींचे संरक्षण होते. एक, पहाटेची वेळ. दुसरे, दगडाची घरघर. घरातल्या घरात राहून घरापासून आडोसा मिळवण्याची ती युक्ती होती. पिठाची गिरणी आली, श्रम वाचले, ते चांगलेच झाले, आडोसाही गेला.

खानदेशापुरते बोलायचे तर सांत्वनाचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ धुळ्याच्या तुरुंगात घडला. २१ फेब्रुवारी १९३२ पासून जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ आज भक्तिग्रंथ म्हणून वाचली जातात. पण तिचा पहिला श्रोतृवर्ग आयुष्य एकाएकी थांबलेल्या प्रौढ माणसांचा होता आणि सुरुवात अर्थातच अर्जुनाच्या विषादापासून होती, हे विसरू नये. ज्यांनी ती ऐकली नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोचली एका लेखनिकाच्या हातून. त्या लेखनिकाने पुढे पुतणीला लिहिलेली ‘सुंदर पत्रे’ही सांत्वनाचीच आहेत. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचे जीवन संपवले. या मृत्यूची कारणे सांगण्याचा आव आणणारे लेखन पुष्कळ झाले आहे, त्यात भर घालण्याची इच्छा नाही. एवढेच नोंदवतो की इतरांची आसवे पुसणाऱ्याला कोणाकडे जावे लागते याचा विचार मराठी समाजाने त्यानंतरही बराच काळ केला नाही. आज समुपदेशकाने स्वतःसाठीही एक ज्येष्ठ समुपदेशक ठेवावा असा व्यवसायाचा दंडक आहे. तो उगाच आलेला नाही.

यंत्राचा प्रवेश या कथेत होतो तो अमेरिकेत, १९५९ साली. नेब्रास्का राज्यातील मानसोपचार संस्थेने दुतर्फी दूरचित्रवाणीवर गटोपचाराचे प्रयोग केले आणि १९६४ मध्ये ११२ मैलांवरच्या रुग्णालयाशी कायमची जोडणी केली. साक्री ते धुळे अंतर याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे, असो. साहित्याच्या विद्यार्थ्याने थांबावे असे ठिकाण मात्र १९६६ चे आहे. एमआयटीतील जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारकाची नक्कल करी. तुम्ही लिहाल ते वाक्य थोडे फिरवून प्रश्नरूपाने परत करी. त्याला काही कळत नसे. तरी लोक त्याच्यापुढे मन मोकळे करू लागले. त्यांच्या स्वतःच्या सचिव बाईंना हे केवळ यंत्र आहे हे माहीत होते, पण काही देवाणघेवाण झाल्यावर त्यांनी वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितले. हा प्रसंग वायझेनबाउमनी १९७६ च्या आपल्या पुस्तकात अस्वस्थ होऊन सांगितला आहे.

एलायझा हे नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधले. मराठी वाचक तिला ‘मंजुळा’ म्हणून ओळखतो, कारण १९७५ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले. नाटकाचे नाव बालकवींच्या कवितेवरून आले आणि बालकवी आमच्या धरणगावचे. उत्तरकालीन कवितेत दाटून आलेली त्यांची खिन्नता हा मराठी समीक्षेचा आवडता विषय. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. आणि याच पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या आर्थिक पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. हे धागे कोणी मुद्दाम विणलेले नाहीत. तरी शॉच्या नाटकातला प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. बोली सुधारली म्हणजे माणूस सुधारला का, आणि ज्याने ती सुधारली त्याला त्या माणसाचे काही ऐकू येते का?

‘मुक्तांगण’च्या डॉ. अनिता अवचट स्वतः कर्करोगाशी झुंजत केंद्र चालवत होत्या. १९९७ मध्ये त्या गेल्या. मराठी मानसिक आरोग्याच्या चळवळीत आजारी माणूस प्रथम उपचार घेणारा म्हणून नव्हे तर देणारा म्हणून दिसतो तो त्यांच्या रूपाने. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘आयपीएच’ ही संस्था काढली. दूरध्वनीवरची ‘मैत्र’ ही सेवा आणि पुढे यूट्यूबवरील ‘आवाहन’ वाहिनी ही तिचीच. या काळातील मराठी आत्मपर लेखनही याच अंगाने वाचायला हवे. पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’, नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ ही पुस्तके आपण ‘प्रेरणादायी’ या एका कंटाळवाण्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. हुरजूक यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. पायाखालची जमीन गेलेल्या मुलीला त्याच वाटेने गेलेला माणूस भेटला. त्यांचे पुस्तक वाचणाऱ्या एखाद्या अपंग मुलीसाठी नसीमाताई बाबूकाकांच्या जागी असतात. पुस्तक हा असा अनुपस्थित श्रोता आहे, जो स्वतःचे सांगून तुमचे ऐकल्यासारखे करतो. परळच्या रुग्णालयात आलेले बाहेरगावचे रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात, तेथे संध्याकाळी एकमेकांशी जे बोलतात ते याच जातीचे असावे. अनोळखी माणसाला खरे सांगणे सोपे जाते, आणि त्याला तोच आजार असेल तर ‘टाटा’ हा आडपडदाही लागत नाही.

मग २०२०. २५ मार्च, टाळेबंदीचा पहिला दिवस, योगायोगाने गुढीपाडवा. त्याच दिवशी केंद्र सरकारची दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. नोंदणीकृत डॉक्टरांनी दूरध्वनी, चलचित्र वा लेखी संदेशावरून सल्ला द्यावा की नाही हा संदिग्ध प्रश्न त्या दिवशी निकाली निघाला. ही तत्त्वे डॉक्टरांपुरती होती. डॉक्टर नसलेल्या मानसशास्त्रज्ञ-समुपदेशकांना ती लागू नव्हती, आणि प्रत्यक्षात बोलण्याचे काम बहुतेक तेच करत होते. शिवाय त्यांच्यापैकी काहींना याचा सराव आधीपासून होता. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा २०१२ मध्ये सुरू झाली, दूरध्वनीबरोबर ई-मेलवरूनही. ई-मेलवरचे समुपदेशन म्हणजे कर्व्यांच्या टपालाचे पुनरागमनच, फक्त आता उत्तर छापले जात नाही आणि दोन ओळींत संपत नाही. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली मानस’ आली. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, विनाशुल्क.

आता पुन्हा साक्रीकडे. सुरत–धुळे महामार्गावरचे हे गाव, कान नदीच्या काठचे. पश्चिमेला पिंपळनेरच्या पुढे डोंगर आणि कोकणी, भिल्ल, मावची वस्त्या. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला सौरऊर्जेचा प्रकल्प आहे. वीज कोठल्या कोठे जाते. अशा तालुक्यात मोबाइल म्हणजे काय, हे सांगताना १ जुलै २०१८ टाळता येत नाही. त्या दिवशी राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. ज्या यंत्रातून अनोळखी माणूस हा राक्षस आहे असे सांगितले गेले, त्याच यंत्रात दोन वर्षांनी अनोळखी माणसाला आपले दुःख सांगा असे सांगितले जाऊ लागले. शहरातल्या चर्चेत हा ताण उमटत नाही. तेथे प्रश्न असतो तो गोपनीयतेचा, माहितीच्या सुरक्षिततेचा. येथे त्याआधीचा प्रश्न असतो: हातातल्या या वस्तूवर विश्वास ठेवावा का?

विश्वास कसा बसतो याचे एक उदाहरण फार दूरचे नाही. पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातील एक्केचाळीस गावांत ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प चालवला. सह्याद्रीच्या याच पट्ट्यातला, याच कोकणा समाजाचा तो मुलूख. त्यात गावातलेच लोक निवडले, त्यांना ऐकायला शिकवले आणि त्यांच्या हाती मोबाइल दिले. मोबाइलमध्ये पलीकडे बसलेला तज्ज्ञ नव्हता; घरोघरीच्या ताणांवरचे छोटे चित्रपट होते. ते दाखवायचे आणि मग बोलायचे. पडदा होता, पण श्रोता ओट्यावर बसलेला होता. मला ही योजना केवळ स्वस्त पर्याय म्हणून नव्हे, तर कल्पना म्हणूनही अधिक शहाणी वाटते. भगताकडे जाणाऱ्या माणसाला उपाय हवा असतो हे अर्धे खरे. त्याच्या घराण्याची, शेताची, देवाची ओळख असलेला कोणीतरी त्याची हकिगत पूर्ण ऐकतो हे उरलेले अर्धे. अंधश्रद्धेवर टीका करताना आपण पहिल्या अर्ध्यावरच थांबतो.

शेवटी भाषेचा मुद्दा. आपल्या वाचकवर्गाला तो सर्वांत जवळचा. तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका, शस्त्रक्रिया आणि औषधोपचार संपवून मुंबईहून परतल्यावर काही महिने पुण्याच्या एका समुपदेशिकेशी दर आठवड्याला चलचित्रावरून बोलत. घरात तीन खोल्या आणि सहा माणसे. म्हणून त्या शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत, दार लावून, बसत. आरंभी सारे नीट चालले. समुपदेशिका समंजस होती, घाई करत नव्हती. मराठी दोघींची मातृभाषाच, असे दोघीही धरून चालल्या होत्या. एके दिवशी आईविषयी बोलताना बाईंना रडू आले आणि त्या एकदम अहिराणीत शिरल्या. ‘जीव घाबरस’ येथवर समोरचीला समजले, पुढचे समजेना. तिने अत्यंत सौजन्याने ‘याचा अर्थ सांगाल का?’ असे विचारले. बाई मराठीच्या शिक्षिका. त्यांनी डोळे पुसून प्रमाण मराठीत अर्थ सांगितला. ‘अर्थ बरोबर होता,’ त्या मला म्हणाल्या, ‘पण सांगता सांगता सर, मीच माझं भाषांतर करायला बसले. रडणं राहूनच गेलं.’

हा दोष त्या समुपदेशिकेचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी नोंदवली आहे, आणि घरी अहिराणी बोलून जनगणनेत ‘मराठी’ लिहिणारे आपणच कितीतरी आहोत. वर्गात आपण बोली आणि प्रमाणभाषा या विषयावर टिपणे देतो, अहिराणी लोकगीतांवर शोधनिबंध लिहून घेतो. बोलीची ओढ ही आपल्या लेखी साहित्याची बाब असते. आजारी माणसाला बोली लागते ती ओढ म्हणून नव्हे. वेदनेचे शब्द शाळेच्या आधी शिकलेले असतात. बहिणाबाई आपल्या अभ्यासक्रमात आहेत, त्यांचे वैधव्याचे दुःख आपण रसग्रहणासाठी देतो. ते दुःख त्यांनी आधी प्रमाण मराठीत नेऊन मग मांडले असते तर आपल्या हाती काय आले असते, हा प्रश्न परीक्षेत मी अजून घातलेला नाही.

‘टेली मानस’ची सेवा वीस भाषांत आहे. त्यात मराठी आहे, कोकणी आहे. ही कोकणी गोव्याची, पिंपळनेरच्या डोंगरातली नव्हे. अहिराणी नाही. बाईंनी पुढे ती सत्रे चालू ठेवली, प्रमाण मराठीत, आणि त्यांचा त्यांना उपयोगही झाला, असे त्या सांगतात. रडण्यासाठी मात्र त्या दर अमावास्येच्या आसपास पिंपळनेरकडच्या माहेरी जातात. तेथे थोरल्या भावजयीजवळ ओसरीवर बसतात. भावजयीला मोबाइल लावता येत नाही.